देणगी गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण: दोन दिवसांत काय काय बसवायचं?

निधी_नागपूर

नमस्कार मंडळी. आमचा नागपुरातला नोंदणीकृत न्यास आहे. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडून मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतो. देणगीचं काम पाच पगारी माणसं आणि वीसेक स्वयंसेवक बघतात. कुणी घरोघरी जातं, कुणी दुकानांतल्या दानपेट्या सांभाळतं, कुणी फोन करतं. रीतसर असं कुणालाच शिकवलेलं नाही. जुन्याने नव्याला सोबत नेलं, एवढंच.

श्रावणात दोन शनिवार मोकळे ठेवले आहेत, सकाळी दहा ते चार. बाहेरच्या प्रशिक्षकांची पत्रकं मागवली, तर त्यांत "सकारात्मक दृष्टिकोन", "देहबोली", "नेतृत्वगुण" भरपूर आणि पावतीबद्दल एक ओळ नाही. आधी काय शिकवावं, काय गाळावं, कोणाला काय लागतं, आणि शिकवलेलं रुजलं की नाही हे कसं तपासावं? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

पावतीबुक_स्थळप्रत

देहबोलीवर पैसे घालवू नका ताई. पहिला शनिवार पूर्ण पैशाच्या प्रवासाला द्या. देणगीदाराच्या हातातून सुटलेली नोट बँकेच्या पासबुकात उमटेपर्यंत कुठे थांबते, कुणाच्या ताब्यात असते, आणि त्या प्रत्येक थांब्यावर कोणता कागद तयार होतो, हे सगळ्यांना पाठ झालं पाहिजे. फोन करणाऱ्यांनाही.

भाषण देऊन हे येत नाही, लिहूनच येतं. प्रत्येकाला "सरावासाठी" असा शिक्का मारलेलं पावतीपुस्तक द्या आणि दहा चिठ्ठ्या द्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक देणगी. चार साध्या ठेवा, सहांमध्ये खोच ठेवा:

एकाने पाच हजार रोख दिले आणि ८०जीची (देणगीदाराला आयकरात वजावट देणाऱ्या कलमाची) पावती मागितली. एकाने चेक न्यासाऐवजी अध्यक्षांच्या नावाने काढला. यूपीआय मुलाच्या खात्यातून आलं, पण पावती आईच्या नावाने हवी. एकाने पन्नास किलो तांदूळ आणून टाकला. एकाला नाव द्यायचं नाही. आणि शेवटच्या चिठ्ठीत, लिहिताना आकडा चुकला तर काय?

अर्धा तास लिहू द्या, मग सगळ्यांच्या पावत्या टेबलावर मांडून एकेक सोडवा. पाच हजारांची रोख पावती द्यायची, पण दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही हे पैसे घेण्याआधी सांगायचं. "दोन-दोन हजाराच्या तीन करून द्या" म्हणाले तर नम्रपणे नाही. अध्यक्षांच्या नावाचा चेक जागेवरच परत. मुलाच्या खात्यातून आलेल्या पैशाची पावती मुलाच्याच नावाने. आईंचं नाव हवं असेल तर "यांच्या वतीने" किंवा "यांच्या स्मरणार्थ" अशी ओळ टाका, वजावट मात्र मुलाची. तांदळाला वस्तुरूप देणगीची वेगळी पावती, त्यात वजन लिहायचं, रुपये नाही, कारण वस्तूवर वजावट नाही. नाव न देणाऱ्याचं काय करायचं ते ऑडिटवाले कुणी नीट सांगतील. चुकलेल्या पावतीवर खाडाखोड करायची नाही: मूळ प्रत आणि स्थळप्रत (पुस्तकात राहणारी प्रत) दोन्हींवर तिरप्या रेघा, "रद्द", सही, आणि दोन्ही पुस्तकातच चिकटलेल्या राहिल्या पाहिजेत. फाडून फेकलेली एक पावती नंतर अख्ख्या पुस्तकावर संशय आणते.

पुस्तकं वाटायची नोंदवही वेगळी ठेवा: पुस्तक क्रमांक, पावती ५१ ते १००, कुणाला, कधी दिलं, कधी परत आलं. जुनं जमा झाल्याशिवाय नवं हातात द्यायचं नाही, माणूस कितीही जवळचा असो. हा नियम मोडतो तो बहुतेक विश्वस्तांपासूनच. "माझ्याकडे एक राहू द्या, कुणी भेटलं तर" म्हणून नेलेलं पुस्तक मार्चपर्यंत गाडीच्या डिकीत असतं. म्हणून पहिल्या दिवशी विश्वस्तांनाही बसवा.

रोख मोजायला नेहमी दोघं, आणि ते दोघं एकमेकांचे नातलग नकोत. ५००, २००, १००, ५०, २०, १० आणि नाणी असा छापील तक्ता, खाली दोघांच्या सह्या. आलेल्या रोखीतून चहा, पेट्रोल, रिक्षा काहीही भागवायचं नाही. खर्चाला वेगळी किरकोळ रोख ठेवा. जमा पूर्ण बँकेत गेली तरच पावत्यांची बेरीज आणि स्लिप जुळते. बँकेत खोटी नोट निघाली तर चारपर्यंत नोटा असल्या की बँक शिक्का मारून जप्त करते आणि पोच देते, पैसे जमा होत नाहीत. ती पोच तक्त्याला टाचायची. एका भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर प्रकरण पोलिसांत जातं, म्हणून मोजतानाच नोट उजेडात धरायची सवय लावा.

यूपीआयचं वेगळं. समोरच्याच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे जमा नव्हे. आपल्या खात्याचा संदेश किंवा साउंडबॉक्सचा आवाज आला की मगच पावती, आणि पावतीवर बारा आकडी व्यवहार क्रमांक. क्यूआर न्यासाच्याच खात्याचा. खजिनदाराच्या वैयक्तिक क्यूआरवर "तात्पुरतं" घेतलेले पैसे पुढे हिशेबात कुणालाच लागत नाहीत. स्टॉल लावला की दर दोन तासांनी एक रुपया टाकून क्यूआर तपासायचा. वरून दुसरं स्टिकर चिकटवायला दहा सेकंद लागतात.

इतवारी_शहीदचौक

स्थळप्रत भाऊंचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा करा बाप्पा. पावती फाडायची वेळ येण्याआधी माणसाला मागता तर आलं पाहिजे! स्वयंसेवक गळतात ते हिशेबाला भिऊन नाही, दार वाजवून "नाही" ऐकल्यामुळे. पहिल्या शनिवारी सकाळचे दोन तास मागण्याच्या सरावाला द्या, मग दुपारभर पावत्या.

सराव तिघांच्या गटात घ्या. एक मागणारा, एक देणगीदार, एक बघणारा. चार मिनिटं बोलणं, तीन मिनिटं बघणाऱ्याचं म्हणणं, मग जागा बदलायच्या. बघणाऱ्याच्या हातात कागद: नाव आणि संस्था पहिल्या दोन वाक्यांत आली का? ओळखपत्र दाखवलं का? कामाबद्दल एक ठोस गोष्ट सांगितली का? नेमका आकडा मागितला का? आणि आकडा सांगितल्यावर गप्प राहिला का? चुका सगळ्यात जास्त या शेवटच्या दोन ठिकाणी होतात. "यथाशक्ती द्या" म्हटलं की लोक खिशातली सुटी काढतात. "एका माणसाच्या एका दिवसाच्या दोन्ही जेवणांचा खर्च इतका येतो, तुम्ही दहा माणसांचा उचलाल का?" असं विचारलं की समोरचा हिशेब करायला लागतो. तो हिशेब करत असताना आपण बोलत राहिलं, "नाहीतर पाचाचा द्या, नाहीतर काही पण चालेल", की आपणच आपला आकडा पाडतो. तिथे सहा-सात सेकंद तोंड बंद. जड जातं, पण सरावाने जमतं. तो खर्चाचा आकडा मात्र तुमच्या स्वयंपाकघराच्या खऱ्या बिलांतून काढा, अंदाजे नको. कुणीतरी विचारतंच.

देणगीदार झालेल्याला चिठ्ठीवर आक्षेप लिहून द्या. "मागच्या वर्षी दिले होते, त्याचं काय केलं?" "साहेब घरी नाहीत." "यातले तुमच्या पगारात किती जातात?" "आम्ही फक्त मंदिरात देतो." पगाराच्या प्रश्नावर गडबडू नका. न्यासाच्या ताळेबंदातला प्रशासकीय खर्चाचा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे आणि तो न लाजता सांगायचा. "सगळे पैसे थेट रुग्णांना" हे वाक्य तर बंदच करा, कारण ते खरं नसतं. गॅसवाल्याला पैसे लागतात, स्वयंपाकीणबाईंना पगार लागतो.

इतवारी, गांधीबाग, मस्कासाथकडे जाणार असाल तर बोलणं मराठी आणि हिंदी दोन्हीत तयार ठेवा. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका; बोहनीच्या आधी पैसे मागणारा तिथे कुणालाच आवडत नाही. दुपारी दोन ते चार मालक निवांत असतो, गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकून उभं राहायचं. धरमपेठ, लक्ष्मीनगर, त्रिमूर्तीनगरकडे घरोघरी जायचं तर रविवारी सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी सहा ते आठ. मे महिन्यात घरोघरी कुणाला पाठवूच नका, पंचेचाळीस अंशात माणूस आजारी पडतो आणि दारही कुणी उघडत नाही. ते दिवस फोनला ठेवा. डिसेंबरात अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडे बंदोबस्त आणि मोर्चे असतात, तेव्हा त्या भागात स्टॉल नको.

गणपती आणि दुर्गादेवीच्या वर्गणीच्या आठवड्यांत घरोघरी जाऊन फायदा नाही, लोक आधीच वैतागलेले असतात. मधला पितृपक्ष मात्र सोडू नका. वाडवडिलांच्या नावाने अन्नदान करणारे लोक याच पंधरवड्यात शोधत असतात आणि तुमचं काम तर जेवणाचंच आहे. तिथीप्रमाणे यादी ठेवा, पुढच्या वर्षी त्या तिथीच्या आठ दिवस आधी फोन. पगारी माणसांना ही यादी ठेवायला शिकवली तरी प्रशिक्षणाचा खर्च निघाला म्हणा. शिवाय २ ते ८ ऑक्टोबर दानउत्सव देशभर असतो, श्रावणात शिकवलेलं तिथे वापरून बघता येईल.

ऑडिटवाला_सदर

नाव न देणाऱ्यांचं आधी. दानपेटीतला पैसा आणि निनावी देणगी हे आयकराच्या नजरेत एकच. धर्मादाय न्यासाला वर्षभरात आलेल्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांतली जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंत निनावी चालते. वरच्यावर तीस टक्के कर. समजा वर्षाला चाळीस लाख देणग्या आल्या आणि त्यांतले चार लाख पेट्यांचे. पाच टक्के म्हणजे दोन लाख, उरलेल्या दोन लाखांवर साठ हजार कर, शिवाय उपकर. म्हणून पेट्या सांभाळणाऱ्यांना शिकवा की शंभराच्या वरची नोट टाकणारा दिसला तर त्याला पेटीत टाकू न देता नाव-पत्त्यासह पावती द्यायची. देणगीदाराचं नाव आणि पत्ता नोंदला की ती देणगी निनावी राहत नाही.

दुसरं, "टॅक्स वाचेल" हे वाक्य जपून वापरायला शिकवा. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही, आणि आता पगारदारांना ती प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते. जुनीतही सर्वसाधारण न्यासाला दिलेल्या देणगीची निम्मीच रक्कम वजा होते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. दहा हजार देणाऱ्या, तीस टक्के कर भरणाऱ्याचे उपकरासह १,५६० रुपये वाचतात. "दहा हजार द्या, सगळे परत मिळतील" असं सांगणारा कर्मचारी जुलैमध्ये शिव्या खातो आणि देणगीदार कायमचा जातो.

पॅन दारातच घ्यायचा, मोठ्या अक्षरात लिहायचा आणि वाचून दाखवायचा. ० आणि ओ, १ आणि आय, ५ आणि एस इथे हमखास गल्लत होते. पॅनची रचना पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर अशी. व्यक्तीचा असेल तर चौथं अक्षर पी. एवढं ठाऊक असलं तरी निम्म्या चुका जागेवर सापडतात. आतापर्यंत देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागत आलं आहे. उशिराला रोज दोनशे रुपये शुल्क, वर दंड वेगळा. नुसत्या छापील पावतीवर वजावट मिळत नाही हे तुमच्या फोनवाल्यांना सांगता आलं पाहिजे, कारण जूनमध्ये सगळे फोन याचेच येतात. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा नवीन पावतीपुस्तकं छापायला टाकण्यापूर्वी मजकूर आपल्या सीएकडून तपासून घ्या, आणि वीस पुस्तकांपेक्षा जास्त एकदम छापू नका.

तिसरं फोनवाल्यांसाठी. "माझा मुलगा अमेरिकेत आहे, तो पाठवेल" असं ऐकलं की आनंदून लगेच क्यूआर पाठवायचा नाही. आधी विचारायचं, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःची बचत नेहमीच्या बँकमार्गाने देत असेल तर ती परकीय देणगी नव्हे. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असो की पैसे रुपयांत इथल्याच खात्यातून येवोत. न्यासाची एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी नसेल तर घेता येत नाही. नोंदणी असेल तरी ती आधी नवी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच आली पाहिजे. हा प्रश्न फोनच्या कागदावर छापूनच टाका, आठवणीवर सोडू नका.

गल्लीतलं नोंदणी नसलेलं मंडळ तुमच्यासाठी वर्गणी गोळा करतो म्हणालं तर त्यांनी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालची परवानगी आधी घेतली पाहिजे. तुमची पावतीपुस्तकं त्यांच्या हातात देणं हा उपाय नव्हे.

निधी_नागपूर

सगळ्यांचे आभार, चिठ्ठ्यांचा सराव तर नक्कीच घेणार. दोन शंका राहिल्या. एक, पेट्या. पंचवीस दुकानांत आहेत, किल्ल्या एकाच माणसाकडे, आणि नाणी बँकेत घेत नाहीत म्हणून घरी साठतात. दोन, दोन विश्वस्त म्हणतात की घरोघरी जाणाऱ्यांना जमलेल्या रकमेवर टक्केवारी द्या, म्हणजे उत्साह राहील. तसं शिकवायचं की नाही?

पावतीबुक_स्थळप्रत

टक्केवारी नको. देणगीदाराने "यातले तुला किती?" विचारलं की खरं उत्तर देता आलं पाहिजे, आणि "शंभरातले पंधरा" हे उत्तर दिल्यावर पुढच्या वेळी दार उघडत नाही. टक्केवारीवर काम करणारा लहान देणगीदाराकडे बघत नाही, तिथीची यादी स्वतःच्या वहीत ठेवतो आणि सोडून जाताना घेऊन जातो. ठरलेला पगार द्या, प्रवासखर्च वेगळा द्या. उत्साहासाठी महिन्याला मोजायचंच असेल तर किती जुने देणगीदार परत आले ते मोजा.

पेट्यांचं असं. किल्ली एकाकडे, क्रमांक असलेली प्लॅस्टिकची सील दुसऱ्याकडे. पेटी ठेवताना सील क्रमांक वहीत, उघडताना तोच क्रमांक दुकानदारासमोर वाचून मगच तोडायची. पेटी दुकानातच उघडायची, तिथेच मोजायची, तक्त्यावर दुकानदाराची सही घ्यायची आणि त्याला त्या रकमेची पावती द्यायची. रिकामी पेटी आत ठेवून भरलेली उचलून ऑफिसात आणायची पद्धत सोयीची वाटते, पण रस्त्यात काय झालं याला साक्षीदार उरत नाही. महिन्यातून एकदा उघडा, किराणा आणि औषधाच्या दुकानांत पंधरा दिवसांनी. तीन महिने सतत शंभराच्या आत निघणारी पेटी तिथून हलवा. तिच्यावर जाणारं पेट्रोल जास्त होतं.

नाणी नाकारायची बँकांना मुभा नाही, रिझर्व्ह बँकेने ते वारंवार कळवलं आहे. पण सुटी पिशवी काउंटरवर ओतली तर कॅशियर वैतागणारच. शंभर-शंभर नाण्यांची एकाच मूल्याची पारदर्शक पाकिटं करा, वर आकडा लिहा, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्याऐवजी मधल्या एखाद्या दिवशी अकरा-साडेअकराला जा. तरीही नाही म्हटलं तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी मागा. लेखी नकार सहसा कुणी देत नाही.

बुटीबोरी_फाटा

कंपन्यांच्या सीएसआरचा (कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चाचा) विषय वीस जणांना शिकवू नका. पाच पगारींपैकी एकच निवडा आणि त्याला अर्धा दिवस वेगळा द्या. त्याला आधी हे कळलं पाहिजे की कुणाकडे जायचं. निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी, यांतलं एक असलं की कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये येते आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालयं आहेत, सगळ्या संस्था तिथेच रांगा लावतात. बुटीबोरी, हिंगण्याचा पाच-सहा कोटी नफ्याचा कारखाना मात्र कुणाच्या यादीत नसतो. त्याचे दोन टक्के म्हणजे दहा-बारा लाख, आणि सीएसआरची जबाबदारी पन्नास लाखांच्या आत असेल तर समितीसुद्धा लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. तिथे मालक थेट भेटतो.

जाण्यापूर्वी फायलीत: न्यासाची नोंदणी, १२ए (न्यासाच्या करसवलतीची नोंदणी) आणि ८०जीची प्रमाणपत्रं, सीएसआर-१ चा (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा नियमातच मागितला आहे. प्रस्ताव चार पानांचा, त्यातलं एक पान निव्वळ खर्चाचा तक्ता. एप्रिल ते जून वार्षिक आराखडे ठरतात तेव्हा भेटा. जानेवारी-फेब्रुवारीत न खर्चलेला पैसा निघतो, पण तेव्हा दोन महिन्यांत वापरून दाखवावा लागतो. त्या घाईत स्वयंपाकाची भांडी, पाण्याचं यंत्र, पलंग अशा एकरकमी वस्तू मागा, पगार मागू नका.

इतवारी_शहीदचौक

रुजलं की नाही तपासायचं राहिलंच. परीक्षा घेऊ नका, मोठी माणसं नाराज होतात. दोन गोष्टी करा. प्रशिक्षणानंतर तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या पुस्तकातल्या शेवटच्या दहा स्थळप्रती काढा आणि नाव, पत्ता, पॅन, अक्षरी रक्कम, पैसे कसे आले, सही एवढं बघा. दहात दोनपेक्षा जास्त पावत्या अपुऱ्या असतील तर त्या माणसाला परत बसवा, एकट्याला, अर्धा तास. दुसरं, ओळखीतल्या कुणाला तरी ऑफिसला फोन करायला सांगा: "मला पाच हजार रोख द्यायचे आहेत, ८०जी मिळेल का?" फोन उचलणाऱ्याने काय सांगितलं ते लिहून घ्या. हा फोन दर तीन महिन्यांनी वेगवेगळ्या माणसाकडून, आणि एकदा मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत. त्या वेळी फोन नेहमी स्वयंपाकघरातलंच कुणीतरी उचलतं, म्हणून त्यांनाही दुसऱ्या शनिवारी तासभर बसवा.